ब्रिजच्या ‘डायरेक्टर’ला मराठीत काय म्हणायचं?

(कोल्हापुरातल्या ब्रिज खेळणाऱ्यांच्या गप्पा; बोलणाऱ्यांची ओळख त्यांच्या भागांवरून.)

राजारामपुरी : आमच्या गटाची ब्रिजची, म्हणजे पत्त्यांच्या त्या खेळाची, ऑनलाइन जोड्यांची स्पर्धा ठरलीय. कोल्हापूर, इचलकरंजी, सांगलीची मंडळी खेळणार. नियमपत्रक मराठीत काढायला बसलो आणि ‘टूर्नामेंट डायरेक्टर’पाशी गाडी अडली. एकानं ‘दिग्दर्शक’ सुचवलं, पण ते सिनेमाचं झालं. ‘संयोजक’ चालेल का?

मंगळवार पेठ : सरळ ‘पंच’ लिहा. खासबागेत कुस्तीला पंच, शाहू स्टेडियमवर फुटबॉलला पंच. कुणाला समजावत बसावं लागत नाही.

ताराबाई पार्क : ‘पंच’ जवळ जातो, पण पुरा बसत नाही. पंच खेळावर सतत नजर ठेवतो आणि चूक दिसली की स्वतः थांबवतो. ब्रिजचा डायरेक्टर प्रत्येक टेबलाशी उभा नसतो. चुकीकडे कुणी लक्ष वेधलं की त्याला लगेच बोलवायचं, असा नियम आहे. शिवाय त्याच्या निर्णयावर अपील करता येतं.

‘संयोजक’ तर वेगळाच माणूस. डुप्लिकेट ब्रिजच्या (तेच डाव सगळ्या टेबलांवर खेळायचे, तो प्रकार) २०१७ च्या नियमांत संयोजकाचं काम कलम ८० मध्ये येतं, डायरेक्टरचं कलम ८१ मध्ये, आणि डायरेक्टर नेमणं हे संयोजकाच्या कामांपैकीच एक. तारीख, प्रवेश फी, कुठल्या साइटवर खेळायचं हे संयोजकानं बघायचं. खेळ सुरू झाला की डायरेक्टरनं. छोट्या गटात दोन्ही एकाच्याच गळ्यात पडतं, म्हणून शब्दांची सरमिसळ होते. मी ‘संचालक’ म्हणेन.

ऑनलाइनमध्ये तर हा फरक फार जाणवतो. समोरासमोर खेळताना पाळी नसताना उतारी (पहिलं पान टाकणं) झाली, रंगाचं पान हातात असून दुसरंच टाकलं, बोली अपुरी पडली, अशासाठी डायरेक्टरला हाका येतात. सॉफ्टवेअर यातलं काही होऊच देत नाही. मग उरतात ती माणसांची कामं. कुणाचं नेट गेलं तर बदली खेळाडू बसवा, रेंगाळलेल्या टेबलाला घाई करा, चुकून क्लिक झालेली बोली मागे घेऊ द्यायची का ते ठरवा. सगळ्यात नाजूक काम समजुतीच्या वादांचं. टेबलावरच्या चौघांना दिशांची नावं असतात, समोरासमोरचे भिडू. समजा दक्षिणेनं एक बिनहुकमी म्हटलं. उत्तरेनं दोन चौकट लावली, पण ती ट्रान्सफर, हातात पाच बदाम आहेत असं सांगणारी. अलर्ट, म्हणजे बोलीचा अर्थ वेगळा आहे अशी सूचना, दिलाच नाही. पूर्वेकडे चौकटचे राजा-राणी. ट्रान्सफर आहे हे कळलं असतं तर तिनं डबल देऊन भिडूकडून चौकटची उतारी मागितली असती. खरीच चौकट समजून ती पास बोलली, पश्चिमेनं किलवर उतरलं आणि दक्षिण-उत्तरेची चार बदामांची बोली पुरी झाली. आता डायरेक्टरनं बोलीची नोंद उघडायची, पूर्वेला आणि उत्तरेला वेगवेगळं विचारायचं, चौकट उतरली असती तर किती हात झाले असते ते मोजायचं आणि मग गुण ठरवायचे. हे काम नुसत्या ‘पंच’ शब्दात मावत नाही.

शाहूपुरी : अलर्टचं पत्रकात ठळक लिहा. टेबलावर भिडूची बोली आपण अलर्ट करतो, ऑनलाइन मात्र स्वतःची स्वतः करायची. खुलासा प्रतिस्पर्ध्यांनाच दिसतो, भिडूला नाही. जुनी माणसं इथं हमखास अडखळतात. आणि ‘जोडीदार’ नको, ‘भिडू’च ठेवा. पत्त्यांत दुसरा शब्द शोभत नाही.

राजारामपुरी : ‘भिडू’ पक्का. ‘ॲडजस्टेड स्कोअर’ला ‘सुधारित गुण’ लिहिलंय.

ताराबाई पार्क : ‘सुधारित’ म्हटलं की बेरीज चुकली होती असं वाटतं. ‘संचालकांनी ठरवलेले गुण’ लिहा. डाव खेळताच आला नाही तर चूक नसलेल्या जोडीला त्या डावाच्या गुणांपैकी किमान ६० टक्के, थोडी चूक असेल तर ५०, सरळ चूक असेल तर जास्तीत जास्त ४०, हेही तिथंच द्या.

मंगळवार पेठ : मुद्दा पटला, पण नुसतं ‘संचालक’ नको ओ. आपल्याकडं संचालक म्हटलं की साखर कारखान्याचा नाहीतर दूध संघाचा.

ताराबाई पार्क : बरोबर आहे. ‘स्पर्धा संचालक’ करा. खेळताना हाक मात्र ‘डायरेक्टर’ अशीच जाणार, ती जाऊ द्या.

राजारामपुरी : मग पत्रकात असं घालतो : ‘शंका आली की आपसात मिटवू नका, स्पर्धा संचालकांना (डायरेक्टर) लगेच बोलवा. ते येईपर्यंत पुढचं पान टाकू नका.’ संयोजकांचा नंबर खाली वेगळा देतो, फीसाठी.