मराठवाड्यातील राज्यमार्गांची दिशा कशी ठरली?

माजलगावकर
सर्वांना नमस्कार. आमच्या माजलगावावरून परभणीकडे जाणाऱ्या महामार्गाचा क्रमांक पूर्वी २२२ होता, आता तो ६१ आहे. बीडवरून जाणाऱ्या सोलापूर–धुळे रस्त्याचा २११ बदलून ५२ झाला. हे क्रमांक कोणत्या नियमाने दिले जातात? दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. नकाशा शिकवत असताना नववीतल्या एका मुलीने विचारले की, मोठे रस्ते सोलापूर, हैदराबाद, नागपूर अशा लांबच्या शहरांकडे धावतात, मग शेजारच्या तालुक्याला जोडणारा राज्यमार्ग एवढा अरुंद का? मला तिला समाधानकारक उत्तर देता आले नाही.

निवृत्त शाखा अभियंता, नांदेड
गुरुजी, क्रमांकांचे आधी सांगतो. २०१० साली राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक मिळाले. उत्तर–दक्षिण मार्गांना सम क्रमांक असून ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. पूर्व–पश्चिम मार्गांना विषम क्रमांक असून ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. म्हणून सुरत–नागपूरचा ५३ वर, पुणे–सोलापूर–हैदराबादचा ६५ खाली, आणि माळशेज घाट, पाथर्डी, माजलगाव, परभणी, नांदेड करत निर्मलला जाणारा ६१ त्यांच्या मध्ये. तीन अंकी क्रमांक हे शाखांचे असतात आणि त्यांतले शेवटचे दोन अंक मूळ मार्ग सांगतात. अकोला–हिंगोली–नांदेड–देगलूर–संगारेड्डी हा १६१ आणि तुळजापूर–लातूर–नांदेड–यवतमाळ–बुटीबोरी हा ३६१, या दोन्ही ६१ च्याच शाखा.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळतो. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतीय मार्ग (आजचे राज्यमार्ग), जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग ही प्रतवारी १९४३ साली नागपुरात भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेतून आली. त्या वेळी मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि राजधानी पूर्वेला होती. १९४८ साली संस्थान विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. बारा वर्षांत कारभाराचे तोंड पूर्वेकडून पश्चिमेकडे वळले. रस्ता मात्र एवढ्या लवकर वळत नाही, कारण त्याच्या कडेला बाजारपेठ वसलेली असते आणि पूल बांधून झालेले असतात. जुन्या दिशा टिकून राहिल्या आणि नव्या जोडण्या त्यांवर हळूहळू चढत गेल्या, असे माझे मत आहे. बीड शहराला तर अगदी अलीकडेपर्यंत रेल्वे नव्हती, त्यामुळे तिथे सगळा भार रस्त्यानेच वाहिला.

धारूरचा वाचक
वरील उत्तर मला मान्य आहे, पण सगळे इतिहासावर सोडू नये. आमच्याकडे बालाघाटाची रांग आडवी येते आणि धारूरच्या घाटात वळणे टाळता येत नाहीत. घाट उतरून गोदावरीच्या खोऱ्यात आलो की काळी माती लागते. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून वर डांबर कितीही चांगले असले तरी खालचा थर हलतो. ती पुरेशा खोलीपर्यंत काढून मुरमाचा भराव दाबून भरला नाही, किंवा कडेचे गटार आणि मोऱ्या नीट केल्या नाहीत, तर साइडपट्टी खचते आणि रस्ता कडेकडून खायला लागतो. त्यात गळीत हंगामात उसाच्या भरलेल्या दुहेरी ट्रॉल्या याच अरुंद रस्त्यांवरून चालतात. आमच्या गावाजवळचा फरशी पूल पाण्याखाली गेला की मुलांची शाळा बुडते, आणि याचे मला मनापासून दुःख होते. रुंदीकरणाच्या आधी असे पूल उंच करावेत, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

जालनेकर
समृद्धी महामार्गाचाही विचार व्हावा. ७०१ किलोमीटरच्या या मार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. मराठवाड्यात तो जालना आणि छत्रपती संभाजीनगर या दोनच जिल्ह्यांतून जातो. त्यावर ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येत असल्यामुळे बाकीच्या जिल्ह्यांना त्याचा उपयोग किती होणार, हे तिथपर्यंत नेणाऱ्या राज्यमार्गांवर ठरेल.

माजलगावकर
सर्वांचा आभारी आहे. गावाजवळच्या रस्त्यासाठी अर्ज नेमका कोठे द्यावा, एवढे कृपया सांगावे.

निवृत्त शाखा अभियंता, नांदेड
आधी किलोमीटरचा दगड पाहा. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. रस्त्याचा दर्जा बदलला असेल तर दगड जुनाच राहिलेला असू शकतो, म्हणून अर्जात रस्त्याचा क्रमांक, जवळच्या दोन गावांची नावे आणि किलोमीटर अवश्य लिहा.