(तातडीची मदत) सोलापूर: बाबांना घाम येत नाही पण चक्कर येते, कूलरही बिनकामाचा

चिपळूणचा_पाहुणा
नमस्कार मंडळी. वेळ कमी आहे, सरळ मुद्द्यावर येतो. बदली होऊन एप्रिलमध्ये सोलापुरात आलो. बाबा ७२ वर्षांचे, अख्खा जन्म चिपळुणात गेला. तिथे रोज पाच वाजता वाशिष्ठीच्या कडेने फेरी ठरलेली, इथेही तोच हट्ट. मंगळवारी निम्म्या वाटेत चक्कर आली, एका चपलांच्या दुकानाच्या पायरीवर बसले. दुकानदार भला माणूस, पाणी देऊन रिक्षात बसवून दिलं. डॉक्टर झालेत, तेव्हा 'डॉक्टरांना दाखवा' हा सल्ला कृपया नको. नवा कूलर घेतला, तर खोली गार व्हायची सोडून चिकट होते. आई म्हणते, वाळवंटात आणून टाकलंस. मला एवढंच सांगा, या गावात माणसं उन्हाळ्यात फिरायला जातात कधी आणि कुठे? रविवारचं परतीचं तिकीट काढू का?

कडक_भाकरी
पाच म्हणजे सकाळचे का संध्याकाळचे? कुठल्या भागात राहता? कितवा मजला?

चिपळूणचा_पाहुणा
संध्याकाळचे, अजून कसले. विजापूर रोड. वरचा मजला. फिरण्याशी मजल्याचा काय संबंध?

कडक_भाकरी
लई संबंध आहे ओ. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत डोक्यावर आग ओकतो, झोप होत नाही, आणि तसाच माणूस दुसऱ्या दिवशी उन्हात जातो. मे महिन्यात ४२-४३ इथे कुणी बातमीसुद्धा धरत नाही. संध्याकाळी पाच म्हणजे आमच्याकडे दुपारच. आमचे अण्णा साडेसहाच्या आत उंबरा ओलांडत नाहीत. काकांना पहाटे साडेपाचला कंबर तलावावर न्या, तुम्हाला जवळच आहे.

हिशेबी
वाळवंट शब्दाला आक्षेप. वर्षाला २५० मिलिमीटरच्या आत पाऊस असेल तर ढोबळमानाने वाळवंट म्हणतात. सोलापुरात पाचशेच्या वर पडतो. हा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. चिपळूणचा तीन हजारांच्या वरचा पाऊस सह्याद्रीच्या पलीकडे पडतो आणि आपल्याकडे उरलंसुरलं येतं.

चिपळूणचा_पाहुणा
आईला सांगतो. तिला फार बरं वाटेल.

शेळगीकरीण
कूलर परत करा भाऊ. आमच्या सासूबाई जुनी सोलापुरी चादर भिजवून, पिळून खिडकीला टांगायच्या. वाऱ्याची झुळूक आली की खोली अशी गार, की बस. विजेचं बिल शून्य.

कडक_भाकरी
वहिनी, नळाला पाणी रोज येत नाही आणि तुम्ही चादरी भिजवायला सांगताय? त्यापेक्षा गच्चीला चुना मारा. पांढऱ्या स्लॅबवर भर दुपारी अनवाणी उभं राहता येतं, मी राहिलोय.

शेळगीकरीण
चादरीला अर्धी बादली लागते. तुमचा कूलर दिवसाला किती पितो ते आधी मोजा, मग बोला.

पक्षीवेडा
फिरायचंच आहे तर सहकुटुंब नान्नजला जा, वीसेक किलोमीटर. १९७९ पासूनचं माळढोक अभयारण्य. माळढोक दिसायची आशा धरू नका, काळवीट नक्की दिसतील. थंडीत हिप्परगा तलावही छान, तो १८७१ सालचा आहे.

कडक_भाकरी
मे महिन्यात माळरानावर? सावलीला झाड नाही तिथे! त्यांना काका परत हवेत का नकोत?

माळावरचा_डॉक्टर_नव्हे
धागा भरकटतोय. 'घाम येत नाही' याबद्दल कुणीच बोललं नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. घाम येतो, पण कोरड्या हवेत आल्या आल्या उडून जातो. चिपळुणात बनियन भिजतं, चिकचिक होते, म्हणून माणूस आपोआप पाणी पितो. इथे कातडी कोरडीच राहते, त्यामुळे ऊन बाधतंय हे कळतच नाही. मी मूळचा मालवणचा, पहिल्या उन्हाळ्यात असाच फसलो होतो. काका टोपी घालतात ना? ती उलटी करून आतली पट्टी बघा. आणि एक, बीपीची गोळी चालू आहे का? लघवीवाटे पाणी काढणारी?

चिपळूणचा_पाहुणा
टोपी बघितली. पट्टीवर पांढरी रेघ आहे, बोटाला मिठासारखी खरखरते. गोळी चालू आहे, त्याच प्रकारची. का?

माळावरचा_डॉक्टर_नव्हे
ते रोज पाचला उन्हात चालतात हे डॉक्टरांना सांगितलंत?

चिपळूणचा_पाहुणा
...नाही. चक्कर आली एवढंच सांगितलं.

माळावरचा_डॉक्टर_नव्हे
मग तुम्हाला नको असलेलाच सल्ला देतो, माफ करा. उद्याच फोन करून हे सांगा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, आणि मीठ-साखर-पाणी किती चालेल तेही त्यांनाच विचारा. आता कूलर. खिडक्या उघड्या असतात का?

चिपळूणचा_पाहुणा
बंद. कूलर खोलीच्या आत आहे. खिडकी उघडली तर गारवा बाहेर जाईल ना? शिवाय धूळ.

कडक_भाकरी
अरे देवा. तो एसी नव्हे ओ! बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून आत यायला पाहिजे आणि तेवढीच दुसरीकडून बाहेर जायला पाहिजे. तुम्ही आतलीच हवा परत परत ओली करताय, चिकट नाही होणार तर काय? कूलरची पाठ खिडकीत बसवा, समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा. पाऊस सुरू होईपर्यंत झकास चालेल, हवा दमट झाली की मग कोपऱ्यात ढकला.

नवी_पेठ_९९
सोलापुरात नवीन आहात तर शेंगाचटणी कुटलेली घ्या, मिक्सरची नको.

चिपळूणचा_पाहुणा
डॉक्टरांशी बोललो. त्यांनी गोळी बदलून दिली आणि पाचच्या फेरीबद्दल मलाच झापलं. कूलर खिडकीत बसवला, घरमालकाच्या जाळीचा एक गज वाकवावा लागला. दुपारी फरक लगेच कळला. बाबा पहाटे साडेपाचला तलावावर जाऊन आले. तिथल्या दोन आजोबांनी वाशिष्ठीला किती पाणी असतं म्हणून विचारलं, बाबांनी आकडा जरा फुगवूनच सांगितला असणार. तिकीट काढलेलं नाही. आई अजून वाळवंटच म्हणते.

शेळगीकरीण
आणि चादर?

कडक_भाकरी
कूलरला पाणी नळाचं घालताय का बोअरचं? बोअरचं असेल तर गवतावर महिन्याभरात क्षाराचा पांढरा थर धरतो, हवाच येत नाही. आत्ताच सांगा.

हिशेबी
वाशिष्ठीचा नेमका आकडा किती सांगितला काकांनी?