नाताळच्या सुट्टीत दोन पिल्लं आणि सासूबाईंसह बडोदं: सल्ला हवा

ठाणेकरीण_७

नमस्कार मंडळी,

गेल्या नाताळात आम्ही सहा दिवसांत राजस्थानातली चार शहरं उरकली. लेकीला आता त्यातलं एवढंच आठवतं की एका हॉटेलच्या लिफ्टला तिन्ही बाजूंनी आरसे होते. मला आठवतात ते रोज सकाळी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेले ओले मोजे. परत आल्यावर नवरा दोन दिवस रजा घेऊन झोपला. म्हणून यंदा ठरवलंय: एकच शहर, एकच हॉटेल, चार रात्री. बॅग एकदाच उघडायची आणि एकदाच भरायची.

माणसं: लेक सहा वर्षांची, प्रश्नांची खाण. मुलगा अडीच वर्षांचा. दुपारी एक ते तीन झोपला तर देवमाणूस, नाही झोपला तर संध्याकाळी तांडव. सासूबाई ६८, गुडघे कुरकुरतात पण हौस दांडगी. शिवाय आम्ही दोघं.

इंदूर की बडोदं अशा विचारात आहोत. आईंची (सासूबाईंची) एक आत्या बडोद्याला दांडिया बाजारात राहायची, लहानपणी त्या तिथे सुट्टीला जायच्या. त्यामुळे त्यांचं मत काय हे सांगायला नको. पण चार दिवस मुलं रमतील इतकं तिथे आहे का? राहायचं कुठे? थंडी किती असते? अडीच वर्षांच्या जिभेला झेपेल असं काय मिळतं?

उनाड_पाऊल

बडोद्यात चार दिवस?? दीड दिवसात सगळं होतं. उरलेल्या वेळात पावागढ, चांपानेर, स्टॅच्यू ऑफ युनिटी आणि एक दिवस अहमदाबाद करून या. आम्ही केलंय, आरामात होतं.

ठाणेकरीण_७

उनाडराव, धाग्याचं पहिलं वाक्य परत वाचा प्लीज :)

विश्वामित्रीकाठी

जन्मापासून बडोदेकर, त्यामुळे जरा लांबण लागेल. सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे तारखा. आमच्याकडे १६ डिसेंबरच्या आसपास कमुरता लागतो, म्हणजे आपला धनुर्मास. तो संक्रांतीपर्यंत चालतो आणि त्या काळात गुजराती घरांत लग्नं नसतात. त्यामुळे नाताळात हॉटेलखाली रात्री बारापर्यंत वरातीचा बँड वाजेल ही भीती नाही. दुसरीकडे डिसेंबर हा परदेशातल्या मंडळींचा घरी यायचा मोसम, म्हणून खोल्यांचे भाव चढलेले असतात. लवकर बुक करा.

राहायचं सयाजीगंजात किंवा अलकापुरीत. दोन्ही स्टेशनला लागून, एक या अंगाला, एक त्या अंगाला. मी तुमच्या जागी सयाजीगंज घेईन, कारण तिथून कमाटी बाग जवळ. कागदोपत्री सयाजीबाग, पण रिक्षावाल्याला कमाटी बागच सांगा. महाराजा सयाजीरावांनी १८७९ मध्ये केलेली ही बाग विश्वामित्री नदीच्या काठावर आहे आणि इतकी मोठी आहे की अडीच वर्षांचं पोर सुटलं तरी पाच मिनिटं निश्चिंत बसता येतं. आत प्राणीसंग्रहालय, पक्ष्यांचा मोठा पिंजरा, फुलांचं घड्याळ. छोटी आगगाडीही आहे, पण तिचं वचन मुलांना आधी देऊ नका. काही ना काही कारणाने ती बंद असू शकते आणि मग सगळी सकाळ त्या रडण्यात जाते. अनुभवाचे बोल.

बागेतच बडोदा म्युझियम आहे, इमारत १८९४ ची. मोठ्या माणसांचं म्युझियम म्हणून टाळू नका. तिथे निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे, सुमारे ७२ फुटांचा. १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी सापडलेला हा देवमासा. शिवाय इजिप्तची ममी. वरच्या चित्रांच्या दालनात मुलं दमतात, तिकडे तुमच्यापैकी एकाने जावं, दुसऱ्याने खाली बाकावर खाऊचा डबा सांभाळावा.

आणि कोणत्याही गाइडबुकात ठळक नसलेली गोष्ट: मगरी. विश्वामित्री शहराच्या मधून वाहते आणि तिच्यात शेकड्यांनी मगरी आहेत. थंडीत दहा-अकराच्या उन्हाला त्या काठावर येऊन पडतात. काळा घोडा सर्कलपाशी (घोड्यावर बसलेल्या सयाजीरावांचा पुतळा आहे तो चौक) पूल आहे, तिथून बघा. वरून बघा. खाली उतरायचं नाही, कठड्यावर मुलांना बसवायचं नाही, काही टाकायचं नाही.

थंडी म्हणाल तर पहाटे १४-१५ अंश, दुपारी २८ च्या आसपास. एक स्वेटर, एक कानटोपी. जाड जॅकेटं नेऊ नका, दिवसभर हातात वागवावी लागतात.

खादाड_बोका

विश्वामित्रीकाठी यांनी खाण्यावर एक अक्षर लिहिलं नाही, हा बडोद्याचा अपमान आहे. मी तीन वर्षं नोकरीनिमित्त तिथे होतो, आता कोल्हापुरात. (हो, कोल्हापूरकर असून पुढचं लिहितोय.)

सेव उसळ खा. पांढऱ्या वाटाण्याची पातळ उसळ, वर जाड सेव, कांदा, पात, लिंबू, सोबत पाव. मिसळीची चुलत बहीण म्हणा, पण एक मोठा फरक: तरी वेगळ्या भांड्यात येते. म्हणजे मुलांना बिनतरीची, फक्त सेव आणि वाटाणे, आणि तुम्हाला नाकातून पाणी येईपर्यंत लाल. एकाच टेबलावर अडीच आणि अडुसष्ट दोघांचं भागतं.

लीलो चेवडो हा खास बडोद्याचा. दिसायला कोरडा वाटतो, पण असतो ओलसर, गोडसर, बटाटा आणि चणाडाळीचा. फार दिवस टिकत नाही, शेवटच्या दिवशीच घ्या. भाकरवडीवर मी काही बोलणार नाही, इथे पुणेकर बरेच आहेत.

लहानग्यासाठी: खमण (वरची मिरची काढून), खिचडी-कढी, थाळीतली गोड डाळ. डाळीत गूळ असल्यामुळे मुलं भात मागून खातात. हिवाळा आहे, तेव्हा मोठ्यांनी उंधियू सोडू नका. पण रात्री नको, दुपारी. तेल वर तरंगतं. दुलीरामचे पेढे पोचल्या दिवशीच आणा, आईंना आत्याच्या घरची आठवण होईल बहुतेक.

मितभाषी

वंदे भारतने जा. मुंबई सेंट्रलहून सकाळी सहाच्या सुमारास सुटणारी बोरिवलीला थांबते, दहाच्या आसपास बडोदा. ६० दिवस आधी बुकिंग उघडतं, नाताळची तिकिटं पहिल्याच दिवशी काढा. पाच वर्षांखालच्याला तिकीट लागत नाही, पण मग सीटही मिळत नाही. चार तास मांडीवर की पैसे भरून सीट, तुम्ही ठरवा. मी पैसे भरतो.

उनाड_पाऊल

ठीक आहे, अहमदाबाद सोडा. पण इतक्या जवळ जाऊन स्टॅच्यू ऑफ युनिटी न बघता परत? १८२ मीटर! जगातला सर्वात उंच पुतळा! लोक काय म्हणतील.

विश्वामित्रीकाठी

लोक काही म्हणत नाहीत हो. पुतळा आहे ते एकता नगर बडोद्याहून साधारण ९० किलोमीटर. जायला दोन तास, आतल्या बसेस, रांगा, परत यायला दोन तास. लहानग्याची एक ते तीन झोप गाडीत होईल असं वाटतं, पण होत नाही. नाताळच्या आठवड्यात गर्दी विचारू नका. लेक दहा-बारा वर्षांची झाली की मुद्दाम तेवढ्यासाठीच जा, तिथे एक रात्र राहा. पावागढलाही तेच. रोपवे आहे हे खरं, पण रोपवेतून उतरल्यावरही देवळापर्यंत पायऱ्या आहेत, आणि त्या गुडघ्यांना विचारत नाहीत.

त्याऐवजी लक्ष्मी विलास राजवाड्याला एक अख्खी सकाळ द्या. सोमवारी बंद, तेवढं लक्षात ठेवा. १८९० मध्ये पूर्ण झाला, राजघराणं अजून तिथेच राहतं. दरबार हॉलमध्ये बेल्जियमच्या रंगीत काचा आणि व्हेनिसच्या पद्धतीची मोझेक फरशी. ऑडिओ गाइड मिळतो, कानाला लावला की सहा वर्षांची मुलं एकदम शहाणी होतात. आत फोटो काढू देत नाहीत, हे मला तर सोयीचं वाटतं. त्याच आवारात महाराजा फतेसिंग म्युझियम आहे, राजा रविवर्म्यांची चित्रं तिथे बघायला मिळतात. ती इमारत मुळात राजघराण्यातल्या मुलांची शाळा होती, हे लेकीला सांगा.

आणि जाण्याआधी तिला गोपाळची गोष्ट सांगून ठेवा. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा, शेतकरी घरातला मुलगा. १८७५ मध्ये बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेण्यासाठी मुलं बोलावली, तेव्हा "कशाला आलास?" असं विचारल्यावर त्याने "राज्य करायला" असं ठणकावलं म्हणतात. तोच पुढे सयाजीराव झाला आणि त्याने १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. माझ्या भाचीने हे ऐकून "म्हणजे शाळा याच्यामुळे?" असं म्हणत पुतळ्याकडे रागाने बघितलं होतं.

सोनचाफा

+१ राजवाड्याला. ईएमई मंदिरही मुलांना आवडतं. लष्कराने बांधलेलं दक्षिणामूर्तीचं देऊळ, वरून अॅल्युमिनियमचे पत्रे, त्यामुळे यानासारखं दिसतं. लष्करी हद्द आहे, ओळखपत्र जवळ ठेवा. बग्गी/स्ट्रोलर नेऊ नका, जुन्या शहरात चाकं अडकतात. कांगारू पिशवी बरी.

ठाणेकरीण_७

सगळ्यांना मनापासून धन्यवाद! तिकिटं काढली. मितभाषींचं ऐकून छोट्याची सीट घेतली. आईंनी आत्तापासून आत्याच्या घराचा नकाशा काढून ठेवलाय.

ठाणेकरीण_७ (परत आल्यावर)

आलो. बॅग खरंच एकदाच भरली!

रोज सकाळी एकच ठिकाण, साडेबाराला खोलीवर, झोप, चारनंतर पायी कुठेतरी. एवढाच कार्यक्रम. तिसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, "आज काय करायचं?" मी म्हटलं, "काही नाही." त्याला सवय नसल्याने तो जरा घाबरला.

म्युझियममध्ये लेकीने देवमाशाच्या शेपटीपासून डोक्यापर्यंत पावलं मोजली, बेचाळीस. उलट येताना एकोणचाळीस. मग खरा आकडा कोणता यावर पंधरा मिनिटं वाद आणि तिसरी मोजणी. ममीपाशी आई थबकल्या, म्हणाल्या, "ही एवढी हजार वर्षं झोपली आहे, आणि आमचा नातू दुपारी अर्धा तास पडायला तयार नाही." आगगाडीचं वचन दिलं नव्हतं, त्यामुळे तो विषय निघालाच नाही.

मगर पहिल्या दिवशी दिसली नाही. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास पुलावर उभे होतो, खाली चिखलात एक ओंडका, शेजारी एक बगळा. आई म्हणाल्या ओंडकाच आहे, चला आता. तेवढ्यात ओंडक्याने तोंड उघडलं. उघडलं ते उघडंच ठेवलं, मिनिटभर, दोन मिनिटं. बगळा जागचा हलला नाही. छोटा एकदम हळू आवाजात म्हणाला, "आ कर म्हणाले डॉक्टल." शेजारी उभे असलेले एक काका हसून हसून खोकायला लागले. त्यानंतर उरलेले सगळे दिवस दात घासताना रडणं नाही, "मगल आ" म्हटलं की तोंड उघडतं. ही कमाई राजस्थानच्या सगळ्या किल्ल्यांना भारी आहे.

राजवाड्यात ऑडिओ गाइडचं खरं ठरलं. लेकीने दरबार हॉलमध्ये ऐकलं, मग बाहेर हिरवळीवर आम्हाला सगळं परत ऐकवलं, काही स्वतःचं घालून. गोपाळची गोष्ट सांगितली होती. काळ्या घोड्यापाशी तिने विचारलं, "याला कवळाण्याची आठवण येत नसेल?" मला उत्तर सुचलं नाही.

दांडिया बाजारात आत्याचं घर सापडलं नाही. तिथे आता तीन मजली दुकानं आहेत. आई जरा गप्प झाल्या. पण जवळच्या विठ्ठल मंदिराच्या पायरीवर बसल्या, तिथल्या एका आजींशी बोलणं सुरू झालं, आणि त्या आजींच्या मराठीतला "हाऊ, हो ने" ऐकून आई म्हणाल्या, "आत्या असंच बोलायची." तासभर उठल्या नाहीत. आम्ही मुलांना घेऊन सुरसागर तलावाच्या काठावर चकरा मारत बसलो, मधल्या शंकराच्या मूर्तीवर दिवे लागेपर्यंत.

एक चूक: उंधियू रात्री खाल्लं. बोकेराव, तुमचं ऐकायला हवं होतं.

आता खरा प्रश्न. लेकीला शाळेच्या डब्यात सेव उसळ हवी आहे. उसळ जमते हो, पण ती तरी वेगळी, एवढी लाल असूनही कडू नाही, ती कशी करतात?

खादाड_बोका

वाटाणे आज रात्री भिजत घाला. तरीचं उद्या लिहितो, मीटिंगमध्ये आहे. आणि डब्यात देणार असाल तर सेव वेगळ्या डबीत, नाहीतर दुपारपर्यंत लापशी होते.