डी ड्राइव्ह माउंट होतो पण रीड-ओन्ली, काहीच कॉपी करता येईना

सांगलीची_पोर:
नमस्कार मंडळी, लॅपटॉपवर विंडोज १० आणि उबुंटू २२.०४ दोन्ही आहेत. दादाचा फोटो स्टुडिओ आहे, अल्बमची कामं तो विंडोजमध्ये करतो, माझं कॉलेजचं सगळं उबुंटूत, आणि डी ड्राइव्ह (दुसरी हार्ड डिस्क, एनटीएफएस म्हणजे विंडोजची फाइल सिस्टीम) दोघांचा मिळून. टर्मिनलवरून माउंट केला (सिस्टीमला जोडला) की फाइली दिसतात, उघडतात, पण नवीन काही टाकायला गेलं की "रीड-ओन्ली फाइल सिस्टीम". माउंट करताना "अनक्लीन फाइल सिस्टीम", "विंडोज कॅश" असलं कायतरी लांबलचक येतं. सुडो लावून सीएचमॉड ७७७ (सगळ्यांना सगळ्या परमिशन) मारलं तरी ढिम्म हलत नाही. परवापर्यंत नीट चालत होतं हो! एका व्हिडिओत एनटीएफएसफिक्स ही दुरुस्तीची कमांड मारा म्हणतात, मारू का? लग्नांचे फोटो आहेत त्यात, गेले तर दादा मला घरात घ्यायचा नाही. आणि जमलं तर हे बूट होतानाच आपोआप माउंट कसं करायचं तेही सांगा, दर वेळी कमांड मारायचा वैताग आलाय.

बॅश_बुवा:
ताई, फिक्सबिक्स काही मारू नका आधी. डिस्क बहुतेक धडधाकट आहे, विंडोजने ती सोडलेली नाही एवढंच. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होतच नाही, कर्नलची (म्हणजे त्याच्या गाभ्याची) अवस्था सी ड्राइव्हवरच्या हायबरफाइलमध्ये ठेवून झोपी जातो, आणि त्यात डी ड्राइव्हचा हिशोबही अर्धवट अडकलेला असतो. आता तुम्ही उबुंटूतून जबरदस्तीने काही लिहिलं आणि नंतर विंडोज जागा होऊन आपला जुना हिशोब डिस्कवर उतरवू लागला तर फोटोंचं काय होईल ते सांगायला नको. म्हणून ड्रायव्हर स्वतःहून रीड-ओन्लीवर येतो, ते तुमच्या भल्यासाठीच आहे. परमिशनचा इथे काही संबंध नाही, सीएचमॉड कितीही मारा.

विंडोजमध्ये जा, कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, "चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू", तिथे वरती एक लिंक असते ती दाबल्याशिवाय खालचे चौकोन राखाडीच राहतात, ती दाबा आणि फास्ट स्टार्टअपची टिक काढा. किंवा अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी /एच ऑफ, याने हायबरनेटच बंद होतं आणि सी वर थोडी जागाही मोकळी होते. मग शटडाउन करून उबुंटूत या. आणि गंमत बघा, सेटिंग न बदलता नुसतं रीस्टार्ट करून उबुंटूत आलात तरी चालतं, कारण रीस्टार्टला विंडोज खरोखर बंद होतो. परवापर्यंत चालत होतं म्हणताय ना, तेव्हा दादा रीस्टार्ट करून देत असणार.

पुणेरी_पेंग्विन:
+१ बुवा. आपोआप माउंटचं मी सांगतो. मोबाइलवरून देवनागरीतच टाइप करतोय, तुम्ही टर्मिनलवर रोमनमध्ये टाका.

आधी एलएसबीएलके -एफ मारा, सगळी पार्टिशनं, त्यांच्या फाइल सिस्टीम आणि यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख नंबर) एकाच ठिकाणी दिसतील. एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय कुठे माउंट करायचं त्याची यादी असलेली फाइल) /डेव्ह/एसडीबी१ असं लिहू नका, उद्या आणखी एखादी डिस्क जोडली की एसडीबीचा एसडीसी होऊ शकतो, यूयूआयडी बदलत नाही. मग सुडो एमकेडीआयआर /एमएनटी/डेटा, फोल्डर रिकामाच ठेवा, आत काही असेल तर माउंट झाल्यावर ते झाकलं जातं (पुसलं जात नाही, पण लोक घाबरतात). नावात स्पेस नको, एफएसटॅबमध्ये स्पेस आली की पुढचा रकाना सुरू झाला असं तो धरतो.

मग सुडो नॅनो /ईटीसी/एफएसटॅब, आणि शेवटी एक ओळ: यूयूआयडी=तुमचा नंबर, स्पेस, /एमएनटी/डेटा, स्पेस, एनटीएफएस-३जी, स्पेस, यूआयडी=१०००,जीआयडी=१०००,उमास्क=०२२,नोफेल, स्पेस, ० स्पेस ०. एनटीएफएस-३जी म्हणजे एनटीएफएस वाचणारा-लिहिणारा ड्रायव्हर. ऑप्शनच्या स्वल्पविरामांनंतर स्पेस द्यायची नाही. १००० हा बहुतेक तुमचाच नंबर असेल, आयडी कमांड मारून खात्री करा. एनटीएफएसवर मालक कोण हे असं माउंट करतानाच ठरवायचं. नोफेल अजिबात विसरू नका, नाहीतर डिस्क सापडली नाही की बूट होताना दीड मिनिट ताटकळत ठेवून सरळ इमर्जन्सी मोडमध्ये नेऊन टाकतो. सेव्ह केल्यावर लगेच रीबूट करायचं नाही, आधी सुडो माउंट -ए मारा, ओळीत चूक असली तर तिथेच ओरडेल.

कर्नल_कट्टा:
एनटीएफएस-३जी कशाला अजून? कर्नल ५.१५ पासून एनटीएफएस३ आत आलाय, तो कर्नलमध्येच चालतो, वेगही चांगला. २२.०४ तर ५.१५ घेऊनच आलं होतं.

बॅश_बुवा:
मान्य, वेग आहे. पण पार्टिशन डर्टी (नीट बंद न झालेलं) असलं तर तो रीड-राइट माउंटला सरळ नकार देतो, आणि मग लोक कुठेतरी वाचून फोर्स ऑप्शन लावतात. दादाने एकदा फास्ट स्टार्टअप परत चालू केलं की झालं कल्याण. लग्नाच्या फोटोंवर वेगाचे प्रयोग नकोत, इथे ३जी च बरा. आणि एनटीएफएसफिक्स म्हणजे चेकडिस्क नव्हे, तो चारदोन गोष्टी ठीक करतो, जर्नल (बदलांची नोंदवही) रिकामं करतो आणि बाकीची तपासणी विंडोजवर ढकलतो. डिस्कवर खरंच संशय असेल तर विंडोजमधून चेकडिस्क डी: /एफ.

सांगलीची_पोर:
झालं!! टिक काढली, आता फाइली कॉपी होतायत, एफएसटॅबची ओळ पण टाकली, माउंट -ए ला काही ओरडला नाही. दादाला सांगितलं तर म्हणतो आता विंडोज सुरू व्हायला वेळ लागतो 😄 एकच राहिलं, यूमाउंट केलं की "टार्गेट इज बिझी" येतं, फाइल मॅनेजर तर बंद आहे.

पुणेरी_पेंग्विन:
टर्मिनल त्याच फोल्डरमध्ये उभं असेल बघा, नुसतं सीडी मारून घरी या आणि परत यूमाउंट करा. तरी नाही म्हणाला तर सुडो फ्यूजर -व्हीएम /एमएनटी/डेटा, कोण धरून बसलंय त्याचं नाव दिसेल, तो प्रोग्रॅम बंद करायचा. यूमाउंट -एल च्या नादाला लागू नका, त्याने फोल्डर लगेच रिकामा दिसतो पण मागे लिहिणं चालूच असू शकतं, आणि आपण खुशाल केबल काढतो.