फिक्या पिवळ्या रंगाचा सुगरण नर आजारी समजावा काय?

गोरेवाडा पहाट
नागपुरातील गोरेवाडा तलावाच्या काठच्या बाभळीवर सुगरणींची वसाहत आहे. यंदा जुलैमध्ये तेथील बहुतेक नरांचे डोके हळदीसारखे पिवळेधमक असताना एका नराचा रंग मात्र अगदी विटका दिसला. त्याने अर्धे घरटे विणून सोडून दिले आणि एकही मादी तेथे फिरकली नाही. शिवाय धरमपेठेत आमच्या गच्चीवर येणाऱ्या एका कावळ्याच्या दोन्ही पंखांत काही पिसे पांढरी आहेत. हे दोन्ही पक्षी आजारी आहेत, असे समजावे काय?

पिसांचा हिशेब
दोन्ही रंगांची उत्तरे वेगळी आहेत, कारण रंग तयार होण्याची रीतच वेगळी आहे. सुगरणीचा पिवळा रंग कॅरोटिनॉइडचा असतो, आणि हे रंगद्रव्य पक्ष्याला शरीरात बनवता येत नाही; ते अन्नातूनच मिळवावे लागते. आतड्यात कॉक्सिडियासारखे परजीवी असतील, तर अन्न पुरेसे असूनही शोषण कमी होते आणि नवीन पिसे फिकी उगवतात. तरी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, ती अशी की पूर्ण वाढलेले पीस हे आपल्या नखासारखे निर्जीव असते. म्हणून जुलैत दिसणारा फिका रंग त्या नराची पिसे गळून नवी येत होती तेव्हाची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची प्रकृती सांगतो, आजची नव्हे.

या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतल्या हाऊस फिंच या पक्ष्याचे आहे; त्याच्या नराचा लाल रंगही कॅरोटिनॉइडचाच असतो. 1994मध्ये वॉशिंग्टन डीसीच्या परिसरात त्यांच्यात डोळे सुजवणारी साथ आली. रोगाचे कारण कोंबड्यांत आढळणारा मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम हा जिवाणू होता. पुढील अभ्यासात असे दिसले की, साथीतून वाचलेल्या नरांमध्ये अधिक लाल रंगाचे नर जास्त होते, आणि पिंजऱ्यात संसर्ग देऊन पाहिले तेव्हाही लाल नर लवकर बरे झाले. हॅमिल्टन आणि झुक या जीवशास्त्रज्ञांनी 1982मध्येच मांडले होते की, भडक पिसारा हा परजीवींना तोंड देण्याच्या क्षमतेचा पुरावा असू शकतो.

सेमिनरी टेकडी
थोडे सबुरीने घ्यावे, असे मला वाटते. सुगरण नर विणीच्या हंगामाबाहेर मादीसारखाच दिसतो, त्यामुळे आपण पाहिलेला पक्षी केवळ पिसे बदलण्यात मागे राहिलेला असण्याची शक्यता आजारापेक्षा अधिक आहे. अर्धवट घरटे हाही पुरावा नव्हे: नर घरटे अर्धे विणूनच थांबतो, मादी पसंत करील तेव्हा पुरे करतो, आणि मादी ती जागा किती उंच व काटेरी आहे हे पाहते. दुपारच्या उन्हात काढलेल्या छायाचित्रातील पिवळ्यावर तर मी कधीच विश्वास ठेवत नाही.

पिसांचा हिशेब
मान्य. आता कावळ्याविषयी. त्याचा काळा रंग मेलॅनिनचा, शरीरातच तयार होणारा. पिलू असताना निकृष्ट अन्न मिळाल्यास मेलॅनिन नीट भरत नाही. शहरात उकिरड्यावर पाव-भातावर वाढलेल्या पिलांबाबत ही शंका घेण्यास जागा आहे. मात्र पुढच्या पीसगळीनंतर तीच पिसे काळी आली, तर कारण आहाराचे होते, आणि दरवर्षी त्याच जागी पांढरी आली, तर बहुधा जन्मजात. पांढरे पीस लवकर झिजते, कारण मेलॅनिन पिसाला चिवटपणा देते.

पोपटवाला नव्हे
पोपटांना अन्नातून येणाऱ्या रंगाचा हा नियम लावू नये. त्यांचे हिरवे-लाल रंग सिटॅकोफल्विन या त्यांच्या स्वतःच्या रंगद्रव्यातून व पिसाच्या रचनेतून येतात. मात्र चोच-पिसे रोग या विषाणूजन्य आजारात त्यांची पिसे वेडीवाकडी उगवतात, गळतात आणि रंगही बिघडतो.

गोरेवाडा पहाट
सर्वांचे आभार. मी गच्चीवरच्या कावळ्याच्या पंखांचे छायाचित्र दर महिन्याला सकाळी एकाच उजेडात काढीन. तो नर पुन्हा दिसलाच, तर नेमके काय पाहावे?

सेमिनरी टेकडी
रंग सोडून द्या; डोळे सुजलेले आहेत काय, पिसे फुगवून तो दिवसभर एकाच फांदीवर बसतो काय, जवळ गेल्यावरही उडत नाही काय, एवढे पाहा. असा पक्षी आढळल्यास हाताने पकडू नये, सेमिनरी हिल्सवरील वन विभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला, म्हणजे जखमी-आजारी वन्यजीवांच्या उपचार केंद्राला, कळवावे.