पिल्लू आणि कण्हेर एकाच अंगणात: काय करू?

मंडळी, मदत हवी आहे. आमच्याकडे चार महिन्यांचं गावठी पिल्लू आलंय, भुरी. दात शिवशिवतायत, त्यामुळे चपला, पायपुसणं, झारीची तोटी, दिसेल ते कुरतडते. अंगणातली बाग सासूबाईंची. कुंपणाला लाल कण्हेर आहे. तिचं विष थेट हृदयावर जातं आणि सुकलेल्या पानांतही राहतं, हे माहीत आहे. पण रोजच्या पूजेची फुलं तिथूनच येतात. तेव्हा 'झाड तोडा' सोडून काहीही सुचवा, मला याच घरात राहायचंय!

मनीप्लांट, डिफेनबेकिया वर टांगले. गेटपाशी सायकस आहे, त्याची पानं टोचतात म्हणून ती जात नाही. बाकी काल तिने गुलाबाचा वाफा उकरला. माळीकाकांनी नुकतीच पेंड घातली होती, तिचं तोंड मातीने माखलेलं. पेंडेचं काही होत नाही ना?

प्रतिसाद:
ताई, कण्हेर राहू द्या बाजूला, आधी पेंड कसली ते बघा. एरंडीची असेल तर आत्ताच व्हेटला फोन करा. कुत्र्यांना तिचा वास आवडतो, ती चवीने खातात. उलट्या, रक्ताचे जुलाब सुरू व्हायला एखादा दिवसही जातो, म्हणून 'खेळतेय, बरी आहे' यावर विसंबू नका. मिठाचं पाणी पाजून ओकवू नका. पोत्यावरचं लेबल सोबत न्या.

दुसरं, सायकस. टोचलं तरी दात येणारं पिल्लू चावतं. सगळंच झाड विषारी, बिया सर्वांत जास्त, यकृत निकामी होतं. एक-दोन बियाही जिवावर बेततात. ते मात्र काढाच, त्याची पूजा कोणी करत नाही.

कण्हेरीच्या खालच्या फांद्या छाटून बुंध्याशी जाळी लावा. छाटलेलं त्याच दिवशी उचला. आणि निर्माल्य कुठे टाकता?

मूळ धागाकर्ती:
पोतं पाहिलं, एरंडीचीच निघाली. व्हेटकडे निघालोय. निर्माल्य तुळशीच्या बुंध्याशी टाकतो, म्हणजे नेमकं भुरीच्या तोंडासमोर. आजपासून झाकणाच्या बादलीत. सायकस काढताना मुळं उरली तर चालतात का?

प्रतिसाद:
नाही. मुळांतही विष असतं, आणि ही उकरणारी बाई आहे. खणून काढा. आधी व्हेटकडे पोचा, काय म्हणाले ते इथे लिहा.