जिल्ह्याच्या हौशी लीगच्या इतिहासात टेनिस चेंडूला जागा द्यावी का?

कृष्णाकाठ (सांगली) : जिल्ह्यातील हौशी क्रिकेट लीगचा इतिहास लिहून काढावा, अशी सूचना काही ज्येष्ठ खेळाडूंनी केली आहे. त्यात पंच आणि गुणलेखक यांच्या उपस्थितीत लेदर चेंडूवर झालेले क्लबांचे सामनेच धरावेत, असे माझे मत आहे. 1915 साली सांगलीत जन्मलेले फलंदाज विजय हजारे यांनी 1943-44 च्या पंचरंगी स्पर्धेच्या (धर्मसमूहांवर आधारलेल्या पाच संघांच्या मुंबईतील स्पर्धेच्या) अंतिम सामन्यात, फॉलोऑननंतर (पहिल्या डावात फार मागे पडल्याने लगेच पुन्हा फलंदाजी करावी लागल्यावर), संघाच्या 387 पैकी 309 धावा एकट्याने केल्या, हे आज ठामपणे सांगता येते ते गुणपत्रक शिल्लक आहे म्हणूनच. जत्रेतल्या टेनिस चेंडूच्या सहा-आठ षटकांच्या सामन्यांचे काय शिल्लक आहे?

गली-पॉइंट (मिरज) : आपले उदाहरण आपल्याच विरोधात जाते. त्या 309 धावा मुंबईत ब्रेबर्न स्टेडियमवर झाल्या. सांगलीच्या लीगचा त्यांच्याशी संबंध काय? हजारे यांच्या पिढीतला खेळ संस्थानिकांच्या आश्रयावर वाढला होता. तो आश्रय संपल्यावर पॅड, ग्लोव्हज, मॅटिंग (खेळपट्टीवर अंथरायची चटई) आणि मोकळा रविवार ज्यांना परवडला त्यांचे क्लब झाले, आणि वाळवा, तासगाव, खानापूर या तालुक्यांतली कारखान्यात पाळीवर जाणारी किंवा शेतात राबणारी पोरे एका बॅटवर नि टेनिस चेंडूवर खेळत राहिली. त्यांना वगळून लिहिलेला इतिहास जिल्ह्याचा न होता शहरातल्या काही क्लबांचा होईल. शिवाय क्लबांच्या सामन्यांत पंच अनेकदा फलंदाजी करणाऱ्या संघाचाच राखीव खेळाडू असे, आणि त्याने दिलेला पायचीत हा दुर्मीळ प्रकार असे, हेही त्या इतिहासात प्रामाणिकपणे नोंदवावे लागेल.

कृष्णाकाठ : पंचांबद्दलचा टोला रास्त असला तरी मुद्दा सुटत नाही. टेनिस चेंडूला शिवण नसते, तो जुना होऊन रिव्हर्स स्विंग होत नाही (हवेत नेहमीच्या उलट दिशेने वळत नाही), आणि त्यावर दिवसभर फलंदाजी करण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणजे तो खेळच निराळा आहे. महाराष्ट्राच्या वयोगटांतील संघांची दारे लेदर चेंडूनेच उघडतात. सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधना यांचे वडील आणि भाऊ जिल्ह्याकडून खेळले, भावामुळे त्या मैदानाकडे वळल्या, आणि 2013 मध्ये बडोद्यात 19 वर्षांखालील एकदिवसीय सामन्यात त्यांनी गुजरातविरुद्ध नाबाद 224 धावा केल्या. लीगचे काम खेळाडू पुढे पाठवणे हे आहे.

गली-पॉइंट : पुढे पाठवणे हे निवड समितीचे काम, हौशी लीग ही मुळात पुढे न जाणाऱ्यांची असते. शंभरातले नव्याण्णव जण कुठेच जात नाहीत आणि तरीही चाळिशीपर्यंत खेळतात, म्हणून तिला हौशी म्हणतात.

माणदेशी (साताऱ्याहून) : एक व्यावहारिक अडचण मांडतो. आपण दोघेही नोंदी उपलब्ध आहेत असे गृहीत धरून वाद घालत आहात. क्लबांच्या जुन्या गुणपुस्तिका बहुधा सचिवांच्या घरी राहिल्या आणि घरे बदलताना रद्दीत गेल्या. याउलट आजच्या टेनिस चेंडूच्या स्पर्धेतला चेंडू न् चेंडू मोबाइलच्या ॲपवर नोंदला जातो. गुणपत्रक हीच कसोटी ठेवली तर लेदरचे कित्येक हंगाम गळतील आणि गेल्या वर्षीची जत्रेतली स्पर्धा आत येईल. श्री. कृष्णाकाठ यांना हे मान्य आहे काय?

कृष्णाकाठ : मान्य नाही. गहाळ हंगामांसाठी वृत्तपत्रांची स्थानिक पाने चाळावीत आणि हयात खेळाडूंच्या साक्षी घ्याव्यात.

गली-पॉइंट : साक्षी चालणार असतील, तर तासगावकडून पन्नास मी आणतो.